कोंडूने लिहिलेली उन्हाळ्याची मापं

दिघाशीच्या कोंडूला कोरं घर बघवत नसे. घर म्हणजे वहीतलं. भिवंडीत चौदा वर्षं लूम चालवून त्याने एकच धडा घेतला होता: रजिस्टरात आपल्या नावापुढचं घर कोरं राहिलं की खाडा, आणि तीन खाडे झाले की आपल्या लूमवर दुसरा माणूस उभा. कापसाच्या धुळीने छाती धरली, लूम सुटला, पण ही भीती काही सुटली नाही.

त्याच वर्षी, पंच्याऐंशी साली, कॉलेजात शिकवणाऱ्या कमळबाई भिवंडीहून गावच्या तळ्यावर आल्या. ऊन, पाऊस, थंडी यांनी तळ्यातल्या कासवांची वाढ कशी कमीजास्त होते, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी अकरा कासवांच्या पाठीच्या कडेला कानशीने खुणेच्या खाचा पाडल्या, कोंडूच्या हातात टेप आणि वही दिली.

"कोंडूभाऊ, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठीची लांबी मोजायची. मी महिन्याअखेरीस वही बघायला येईन."

कोंडू हरखला. कासवं पकडायची, शेवाळ पुसायचं, माप घ्यायचं. त्याची बायको बायजा म्हणायची, "पोरांना कदी आंगोल घातली न्हाय, आनि कासवांना घालतंय!"

मार्च आला, तळं आटत चाललं, तशी कासवं काठच्या चिखलात शिरली. कासव उन्हाळाभर चिखलात निजतं आणि पावसाला उठतं, हे दिघाशीत शेंबडं पोरही सांगेल. एवढ्या शिकलेल्या बाईंना ते ठाऊक असणारच, असं कोंडूने धरून चाललं. त्याच्यापुढे प्रश्न होता तो अकरा कोऱ्या घरांचा. त्याने मागच्या महिन्याच्या मापात अर्धं अर्धं सूत वाढवलं आणि घरं भरून टाकली. एप्रिलला तेच, मे महिन्यातही तेच. पावसात उठलेली कासवं वहीतल्या कासवांपेक्षा लहान निघाली, तेव्हा ती वहीला गाठेपर्यंत त्याने लबाडी रेटली. लबाडी हा शब्द त्याने स्वतःला फार पुढे लावला. तेव्हा त्याला वाटलं, ड्युटी पुरी केली.

बाईंना नवल वाटलं. कडक उन्हातही वाढ थांबत नाही? पण वही तसं सांगत होती, एक साल नाही, आठ सालं. त्यांनीही तळ्याकाठच्या कुणाला कधी विचारलं नाही, हेही सांगितलंच पाहिजे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात पंचायतीने तळ्यातला गाळ काढायचं ठरवलं. सरपंच सावळाराम भला माणूस. त्याने बाईंना मुद्दाम बोलावून विचारलं, "कासवांना काय होनार न्हाय ना, बाई?"

बाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात ती हिंडतीफिरती असतात. पाणी हलवलं की आपणहून ओढ्याकडे जातील. ती बाजू मोकळी ठेवा, म्हणजे झालं."

कोंडू बाईंच्या शेजारीच उभा होता. 'ती चिखलात हायेत' एवढे तीन शब्द होते. पण ते बोलला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तू मोजलंस काय? आठ वर्षं बाई त्याला मानाने 'कोंडूभाऊ' म्हणत होत्या. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ उपसायचं मशीन आलं. कोंडू ड्रायव्हरला हात जोडून म्हणाला, "भाई, वो किनारा छोड दो."

"चाचा, असली मिट्टी तो वहीं है," ड्रायव्हर हसला. शेतात टाकायला सगळ्यांना काठचाच गाळ हवा होता. मशीनच्या पहिल्या फावड्याबरोबरच पाठ फुटलेलं एक कासव वर आलं. मग मात्र कोंडू ओरडला, मशीनपुढे आडवा झाला, ट्रॉल्यांमागे धावला. बैल गेला आणि झोपा केला! अकरातली दोन जिवंत हाती लागली. बाकीच्यांच्या कवचाचे तुकडे त्याने घमेल्यात गोळा केले.

निरोप मिळताच बाई आल्या. घमेलं पाहून खाली बसल्या. कोंडूने सगळं सांगून टाकलं, काही राखलं नाही.

"दर उन्हाळ्याला निजतात?"

"दरसाल, बाई."

"आणि वाढ?"

"निजताना जेवरं, तेवरंच उठताना."

"आठ वर्षं मी हेच शोधत होते, कोंडूभाऊ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी कोंडूला घरून वही आणायला लावली, पिशवीतून पेन काढून दिलं. "जे मोजलं नाही, ते खोडा."

कोंडू काठावर बसला आणि एकेक माप खोडत गेला. मार्च, एप्रिल, मे, जून, पुढे जुलैतलीही. बाई शेजारी बसून बघत होत्या. संध्याकाळ होत आली. त्याने वही पुढे केली. बाईंनी पानं सावकाश उलटली. थंडीतली थोडीशी वाढ, उन्हाळ्याची खोडलेली घरं, मग पाऊस संपताना मोठी झालेली कासवं.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

दोन्ही हातांनी तोंड झाकून कोंडू रडायला लागला.