गोलकीपरची एकच जागा

"सांगून टाक तिला."

"नाही सांगणार."

"मामा, उद्या शेवटची तारीख आहे!"

"म्हणूनच नाही सांगणार. आणि हळू बोल. कॉफी विकतेस की दवंडी पिटतेस?"

रेनो लाहती माझा सख्खा मामा. आमच्या खाणीच्या गावातल्या आइस हॉकीच्या रिंकवर सव्वीस वर्षं बर्फाची गाडी चालवतो. हॉकीचा सामना थांबला की गाडी काढायची, संथपणे फेऱ्या मारायच्या आणि पोरींनी ओरखडलेला बर्फ पुन्हा काचेसारखा करून द्यायचा. गॅलरीत माझं कॉफीचं दुकान, खाली त्याची गाडीची खोली. आत्ता मी दुकान सोडून त्याच्या खोलीत येऊन भांडत होते.

दुसऱ्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं नाही, हा मामाचा धर्म. तळं गोठलं की सगळं गाव मासे धरायला धावतं. मामा आधी भोक पाडतो, पट्टी घालून बर्फाची जाडी मोजतो आणि मगच काठ सोडतो. शेजारी चिडवतात, "अरे रेनो, आम्ही दहा जण उभे आहोत की इथे!"

"दहा जण उभे आहात, म्हणूनच मोजतोय."

अशा माणसाला या वर्षी नुसत्या शब्दावर मुलगी पाठवायची होती. सिल्वी त्याची एकुलती एक. मामी गेल्यापासून घरात दोघंच. सतरा वर्षांची पोर, गोलात उभी राहिली की दार लावून घेतल्यासारखी. पूर्वेकडच्या एका मोठ्या कॉलेजच्या कोचबाई, हॅलोरन, उन्हाळ्यापासून तिच्या मागे होत्या. 'आमच्याकडे ये. फक्त प्रवेशाच्या पहिल्या, लवकरच्या फेरीत अर्ज कर, मी प्रवेश समितीकडे शब्द टाकते.' त्या फेरीतल्या अर्जाबरोबर वचन द्यावं लागतं: घेतलंत तर इथेच येईन, बाकीचे अर्ज मागे घेईन. खाली मुलीची सही, पालकांची सही, शाळेच्या समुपदेशक बाईंची सही. कोचची सही कुठेच नाही.

आणि घेतलं नाही तर? ते कळणार डिसेंबरात. एक संघ वर्षाला एकच गोलकीपर घेतो. डिसेंबरपर्यंत सगळीकडच्या जागा भरलेल्या असतात. आमच्याच तळ्याकाठचं एक कॉलेज सिल्वीला घ्यायला तयार होतं. तिथल्या कोचनी शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

पण गेल्या शनिवारी मामा गाडीखाली आडवा पडून पातं बदलत होता. दार उघडं. बाहेर, दुसराच एक सामना बघायला आलेल्या कोचबाई फोनवर बोलत होत्या. "गोलकीपरची एकच जागा आहे, राणी, आणि ती तुझी. अर्ज वेळेत टाक. मी आहे ना."

मामाला आनंद झाला. त्याला वाटलं, फोनवर सिल्वीच. रात्री जेवताना त्याने सहज विचारलं, "काय म्हणाल्या कोचबाई?"

"मला? पंधरा दिवसांत फोन नाही त्यांचा."

त्या दिवसापासून मामाचं जेवणातलं लक्ष उडालं. सिल्वी सहीसाठी मागे लागली की तो "बघू" म्हणायचा. कालपासून तिने विचारणं सोडलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं. निवळली बिचारी, म्हणाला.

"निवळलेली नाही मामा. तिला माहीतच नाहीये."

"काय माहीत नाहीये?" सिल्वी दारात. पायाला जाडजूड पॅड, काखेत मुखवटा, हातात काठी. दहा मिनिटांनी तिचा सामना होता. कोचबाई वर येऊन बसल्याही होत्या. "ताई, तू दुकान टाकून इथे? दोघांचेही चेहरे चोरी पकडल्यासारखे झालेत."

मी मामाकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, परत घातली, आणि सांगितलं.

"बचावाच्या खेळाडूशी बोलत असतील," सिल्वी म्हणाली.

"गोलकीपर म्हणाल्या."

"कानांवर ते आवाज अडवणारे डबे लावून ऐकलंस तू? तुला मी शेजारी उभी राहून हाका मारते, त्या ऐकू येत नाहीत!"

"डबे काढलेले होते, बाळा."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मग शनिवारीच का नाही बोललास?"

"माझी चूक असती तर? उगाच तुझा खेळ बिघडला असता."

"आणि चूक नसेल तर?"

मामा घाईघाईने म्हणाला, "अगं पण अजून बिघडलंय कुठे? मी सही केलेलीच नाही. आज वर जाऊन त्यांनाच सरळ विचारू."

सिल्वी काठीच्या टोकाने रबरी चटई उकरत राहिली.

"सही ईमेलवर करायची असते, बाबा."

"मग?"

"तुझी ईमेल कोण बघतं?"

छतावरचा पंखा घरघरत होता. मामा हळूच गाडीच्या पायरीवर बसला.

"कधी केलीस माझी सही?"

"काल सकाळी. तू नुसता बघू, बघू! मला वाटलं, मी उशीर केला तर त्या दुसरीला घेतील." तिचा आवाज फाटला.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो बोटं मोजत बोलत होता. "ठीक आहे. ठीक आहे. अर्ज मागे घेता येतो. शाळेतल्या बाईंना मी आत्ता फोन लावतो, सांगतो माझी चूक झाली. त्या ऐकतील. तळ्याकाठचे कोच आहेत, शुक्रवारपर्यंत वेळ आहे..." तो थांबला. "त्यांना तू नकार तर कळवला नाहीस ना?"

वर भोंगा वाजला. सिल्वीने मुखवटा चढवला.

"सिल्वी? शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं त्यांचं. काही कळवलं नाहीस ना त्यांना?"

जाळीआड तिचे डोळे दिसत नव्हते. ती वळली, खांद्याने दार ढकललं आणि बर्फावर गेली.