जोतीरामच्या अंगठ्यावरचा घट्टा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोरच म्हशीची धार काढून ग्लासानं ताजं दूध विकायचे, आणि त्यात जोतीरामची धार म्हणजे धार! म्हशीखाली बसून त्यानं अंगठा मुडपून सड धरला, की फेसाळ दुधानं ग्लास भरलाच म्हणून समजा. सड घासून घासून त्याच्या अंगठ्याच्या सांध्यावर सुपारीएवढा घट्टा उठला होता. बायको बाळाबाई शेजारी ग्लास विसळायची. तिच्याकडं कुणी बघायचं नाही, जोतीरामही नाही.

पोराचा साखरपुडा ठरला. पाहुणे पुण्याचे. फोटोत आपला हात कसा दिसेल, या काळजीनं गडी अर्धा झाला. लेक क्रांती कातडीच्या डॉक्टरांकडं कामाला होती. ती म्हणाली, "आबा, कातडी खालनं नवी तयार हुती. जुन्या पेशी वर सरकत्यात, मरत्यात आन् झडून जात्यात. जितं घासतंय तितं त्यांचा थर वाढतोय. तुमचा घट्टा म्हंजे मेलेल्या पेशीच, पर..."

'पर'च्या पुढचं ऐकेल तो जोतीराम कसला! मेलेलं अंगावर कशाला वागवायचं, म्हणून त्यानं गरम पाण्यात हात भिजवला आणि वजरीच्या दगडानं घासून घट्टा पार भुईसपाट केला. साखरपुड्यात तो ज्याला त्याला नमस्कार करत हिंडला. अंगठा कुणी पाहिलाही नाही. पाहुण्यांचं सगळं लक्ष तांबड्या रश्श्यात.

दुसऱ्या दिवशी हौशी नावाच्या म्हशीच्या घट्ट सडांनी इंगा दाखवला. दोन ग्लास भरतात न भरतात तोच अंगठ्याला टचटचीत फोड. जोतीराम कट्ट्यावर लहान पोरासारखा विव्हळला.

"मी सांगतच हुते की!" क्रांती कडाडली. "त्या मेलेल्या पेशीच राखण करत्यात. त्यांच्या आडोशाला जित्या वाचत्यात. आता दम धरा, घट्टा यील परत."

पण हौशी कुठली दम धरायला! बाळाबाईनं पदर खोचला आणि ती म्हशीखाली बसली. जोतीराम ग्लासांपाशी गेला. पेरलेलं उगवलं का बघावं, तसा तो रोज अंगठा उन्हात धरून बघायचा. कट्ट्यावरची आपली जागा जाते की काय, या धास्तीनं त्याला जेवण गोड लागेना.

रोज ग्लास घासून घासून अखेर अंगठ्यावर पुन्हा घट्टा धरला. जोतीराम मिशीवर ताव देत हौशीखाली बसला. हौशीनं पान्हा चोरला. त्यानं चुचकारलं, शिव्या घातल्या, थेंब नाही. बाळाबाईनं नुसता कासेला हात लावला आणि धार सुरू झाली.

"पावणं, तुमी आपलं ग्लासच बघा की!" एक गिऱ्हाईक ओरडलं. कट्टा खदखदून हसला.

जोतीरामनं पहिल्यांदाच बायकोच्या हाताकडं नीट बघितलं. तिच्या अंगठ्यावर नवाकोरा घट्टा होता.

"तुलाबी फोड आलता व्हय गं?"

"आलता की. लई ठणकायचा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या फोडाला फुंकर घालायला सगळं घर लागलं हुतं," धार न थांबवता बाळाबाई म्हणाली. "माझ्या फोडाला कोण ऱ्हायलं हुतं?"

भर कट्ट्यावर जोतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला आणि ग्लास विसळायला बसला.