पाच फुटांचा खड्डा आणि जनाकाकींची म्हैस

मी परसात कचऱ्यासाठी खड्डा खणला आणि त्यात शेजारच्या जनाकाकींची गाभण म्हैस पडली.

खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण दिघोरीत ती मला कोणी एका वाक्यात सांगू दिली नाही. पानठेल्यावर, एसटीची वाट पाहताना, लग्नाच्या पंगतीत वरणाची वाटी हातात असताना, जिथे तिथे एकच फर्माईश : "गुरुजी, थे म्हशीचं सांगा ना!" सांगून सांगून थकलो. आता लिहूनच टाकतो.

ऐंशी सालच्या आसपास मी दिघोरीच्या शाळेत मास्तर होतो. आमच्या घरात कचरा ही भानगडच नव्हती. भाजीची देठं, तांदळाचं धुवण, भाताची पेज, ताटातलं उरलंसुरलं, सगळं एका चेपलेल्या बालटीत जायचं. दुपारी माझी बायको सुमन ती बालटी कुंपणावरून पलीकडच्या दगडी डोणीत उपडी करून तिथेच ठेवायची. तिथे जनाकाकींची म्हैस चांदी, कपाळावरचा पांढरा ठिपका मिरवत, शाळेच्या घंटेपेक्षा वेळेवर उभी असायची. संध्याकाळी काकी बालटी परत आणायच्या. तीत कधी ताकाने भरलेला गंज, कधी सड्यासाठी शेणाचा गोळा. (दोन्ही एकदम कधीच नाही. काकी स्वच्छतेच्या फार कडक!) काकी एकट्या. घरात त्या आणि चांदी. दूध-ताक विकून दोघींचं भागायचं. चांदी गाभण असतानाही थोडं दूध द्यायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मी लाखांदूरला एका दिवसाच्या शिबिराला गेलो.

तिथे एका साहेबांनी फळ्यावर खड्डा काढून दाखवला. घरचा कचरा घरीच कुजवा, सोन्यासारखं खत मिळवा! मी परतीच्या एसटीत उभ्यानेच खड्ड्याची जागा ठरवली. एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, दुसरीकडे न्हाणी, तिसरीकडे कुंपण आणि चिंचेच्या मुळ्या, चौथीकडे माझा वांग्यांचा वाफा. साहेबांनी तीन फूट खोल सांगितला होता. मी पाच फूट खणला. (जास्त लिहिलं की जास्त मार्क मिळतात, ही जुनी समजूत!) चार दिवस लागले आणि पाचव्या दिवशी मला खडू धरता येईना.

सुमन दारात उभी राहून पाहत होती. "अजी, मंग काकीच्या बालटीचं काय?"

"आता बालटी बंद! सगळं खड्ड्यात."

"अन् चांदी?"

"म्हशीला गवत असतं, सुमन. हे शास्त्र आहे."

शास्त्राने पहिल्याच दिवशी संध्याकाळी ताक बंद पाडलं. बालटी गेली नाही, म्हणून आलीही नाही. दुसऱ्या दिवशी अंगणाला सडा नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पानात कोरडा भात आणि वर सुमनचा चेहरा. रोज दुपारी चांदी रिकाम्या डोणीपाशी उभी राहून असा हंबरडा फोडायची की शाळेत माझा पाढा चुकायचा.

तरी मी माघार घेतली असती. पण साहेबांच्या कागदावर पुढचं कलम होतं : 'प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा.' आणि गल्लीत म्हैस एकच!

गेलो. काकी दारात तांदूळ निवडत होत्या.

"काकी, थोडं शेण पाहिजे होतं."

काकींनी सूप खाली ठेवलं. "कायले?"

"खड्ड्यात टाकायला."

"गुरुजी," काकी शांतपणे म्हणाल्या, "शेन म्हशीच्या मांगून येते. पर त्याच्यासाठी सामोरून काई टाका लागते. सामोरचं तुमी बंद केलं, अन् मांगचं मांगाले आले?"

एवढी सोपी प्राणिशास्त्राची शिकवणी मी स्वतः कधी घेतली नव्हती. मान खाली घालून निघालो आणि दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन गायकीमागे, म्हणजे गावच्या गुराख्यामागे, रस्त्याला लागलो. शेणाचा पहिलाच पो उचलला तोच मागून आवाज : "ओ गुरुजी! काडी दिसत नाई का? थे माह्यं हाये!" ज्याने शेणात काडी रोवली, शेण त्याचं, हा गावचा कायदा साहेबांच्या कागदावर नव्हता. काडी नसलेला पो शोधत मी पार तलावाच्या पाळीपर्यंत पोचलो. तिथून अख्खा चौथीचा वर्ग घरी चालला होता. सगळ्यांनी एका सुरात "नमस्ते गुरुजी!" म्हटलं. मी नमस्ते केलं. दोन्ही हातांनी. (टोपलं पडलं.)

दुसरा आठवडा लागला आणि खड्ड्यावर माश्या घोंगावू लागल्या.

"स्वयंपाकघरात बसवत नाई," सुमन म्हणाली. "येक तं खड्डा राहीन, नाई तं मी. मी चालली सिहोऱ्याले." सिहोरा म्हणजे तिचं माहेर, आणि ती धमक्या उगीच देत नसे. मी युक्ती काढली. खड्ड्यावर बांबूच्या कामट्या आडव्या टाकल्या, त्यांवर धानाची तणस छान जाड पसरली. वास बंद, माश्या बंद, खड्डा दिसेनासा. लांबून पाहिलं तर एखाद्याने म्हशीसाठी प्रेमाने चारा मांडून ठेवलाय असंच वाटावं.

चांदीलाही तसंच वाटलं.

रविवार होता. दुपारी कुंपण मोडल्याचा आवाज आला, मग कामट्यांचा कडकड, मग धप्प! आणि मग जनाकाकींची किंकाळी. मी धावलो. तणशीतून वर फक्त दोन शिंगं आणि पांढरा ठिपका!

"दिवस भरले हायेत वो तिचे!" काकी खड्ड्याच्या काठावर बसून कपाळ बडवत होत्या. मी 'धावा, धावा!' करत गल्लीत पळालो.

चार गडी जमले. सल्ले चाळीस!

"दोर बांधून वढा."

"पोटाले दोराचा काच बसन ना बे! उतार खोदा लागते. थ्या उतारावरून थे आपलीच चढून येते."

"खोदाचा कोनीकडून?"

सगळ्यांनी भिंत पाहिली, न्हाणी पाहिली, चिंचेच्या मुळ्या पाहिल्या आणि मग सगळे वांग्यांच्या वाफ्याकडे पाहू लागले. ज्या वांग्यांसाठी हे खत, ज्या खतासाठी हा खड्डा, ती लेकुरवाळी झाडं मी स्वतःच्या हाताने उपटली. कुदळही माझ्याच हातात दिली गेली. "गुरुजीले सवय हाये," एकजण म्हणाला.

तीन तास खोदलं. फोडांवर फोड आले. आणि चांदी? चांदी आत निवांत उभी राहून आधी माझी तणस, मग सकाळचीच दुधीची सालं, मग पालकाची देठं असा क्रमाने समाचार घेत होती. मध्येच मान वर करून माझ्याकडे बघे. बंद झालेली बालटी व्याजासकट वसूल होत होती!

शेवटी उतार झाला. काकी त्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या, हातात आमची तीच जुनी चेपलेली बालटी धरली आणि हाक मारली, "ये वो माय, ये." चांदी एक पाय, दुसरा पाय, तिसरा पाय करत जड पोटाने चढून आली. जाता जाता उपटलेली वांगीही तिने सोडली नाहीत. काकी तिच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो असतो, पण हात डोळ्यांपर्यंत पोचत नव्हते.

पुढचे आठ दिवस मी शाळेत जाता-येता काकींच्या गोठ्यात डोकावायचो. काकी समोर आल्या की घड्याळ बघत निघून जायचो. बालटी मात्र सुमनने त्याच संध्याकाळपासून सुरू केली होती. मला न विचारता.

नवव्या दिवशी काकी आमच्या दारात उभ्या. हातात चिकाचा गंज.

"वगार झाली," काकी सुमनला म्हणाल्या. "कपाळावर तसाच ठिपका हाये."

चांदी आणि तिची पारडी, दोघी सुखरूप! माझ्या छातीवरची म्हैस उतरली. मी वाटी घेऊन पुढे झालो. काकींनी गंज सुमनच्या हातात दिला. मी वाटी मागे घेतली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो :

"काकी, मी तो खड्डा उद्याच बुजवतो."

"बुजवू नोका," काकी म्हणाल्या. "कचऱ्यासाठी माह्यी म्हैस हाये. खड्डा तुमाले लागन. पुढच्या टायमाले शिबिरातून आले का घरात नोका येऊ, आधी त्याच्यात जाऊन बसा. डोकं थंड झालं का मंग वर या. उतार तं तुमी खोदूनच ठेवला हाये!"