नामदेवच्या धुनेवर दुसऱ्याचं नाव

माझ्या पोराचं नाव मीच पुसलं.

आज त्याला जाऊन सोळा वर्षं झाली, म्हणून सांगून टाकते.

नातीनं मोबाईलात खातं काढून दिलं. मी चौथी शिकलेली. चुका काढणाऱ्यानं पुढं चालावं.

नामदेव माझा थोरला. नरसीला नामदेव महाराजांना नवस बोलले, तवा झाला. म्हणून त्यांचंच नाव ठेवलं.

घरी मेंढरं. बापाला वाटलं, पोरगं मेंढरं राखंन.
पोरगं हिंगोलीच्या बँड पार्टीत शिरलं. कीबोर्ड वाजवू लागलं.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. मेंढरांच्या वाड्यापाशी बसून प्रॅक्टिस करायचा. मी म्हणायची, "तुझं ऐकणारं येवढंच पब्लिक हाय."
"माय, हे उठून तं जात न्हाई ना!"

मंग दोन कॅसेटींचा टेप आणला. एकीवर हलगी भरायचा, ती लावून वरून कीबोर्ड वाजवायचा, दोन्ही मिळून दुसरीवर.
पुढं जुना कॉम्प्युटर आला. दिसभर कानाला हेडफोन. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

जुन्या गाण्याला नवा ठेका लावायचा, त्याला रिमिक्स म्हणतात.
पण काही धुना त्याच्या सोताच्या. कोणाच्या उसन्या न्हाई.
एका धुनेवर तं कळमनुरीपासून सेनगावपतूर वराती नाचल्या. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायचे.

एक दिवस मला म्हणे, "माय, गाण्यात मधी मधी आपलं नाव घालावं लागते. न्हाई तं कोणीबी म्हणते, माझं हाय."
"कोणतं नाव घालशीन?"
"डीजे नामदेव, नरसी."
"तोंड धुऊन ये आधी! नवसाचं नाव हाय ते. दारू पिऊन लोळणाऱ्याच्या कानात वरडतो का?"
"मंग काय घालू?"
"काहीच नको घालू. कामाला नाव कशाला पाहिजे? मी जन्मभर भाकरी थापल्या, एकीवर तरी नाव घातलं का?"

हसला. अन् ऐकलं.
कधी न ऐकणारं लेकरू, नेमकं तेच ऐकलं.

दोन-तीन वर्षांनी माझ्या भावाच्या पोरीचं लगीन व्हतं, कनेरगाव नाक्याला. वरात निघाली अन् नामदेवची धून लागली.
मी बराबर ओळखली.
मधीच जाडा आवाज वरडला, "डीजे झटकाऽऽ!"
पुन्हा तेच. दर दोन मिनिटाला.

नामदेव माझ्याजवळच उभा. हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा.
"नाम्या, हे तं तुझं हाय."
"व्हय."
"मंग जाऊन सांग त्याला!"
"काय सांगू, माय? त्याच्यात माझं नाव कुठं हाय?"

रागानं न्हाई म्हणला.
रागानं म्हणला असता तं बरं झालं असतं.

तो वाढायला गेला. मी गेले डीजेच्या गाडीपाशी. म्हणलं, "पोरा, ही धून माझ्या लेकाची हाय."
"आजी, सगळेच असं म्हणतात. बाजूला व्हा, वायरवर पाय पडंन."

पुढच्या उन्हाळ्यात नामदेवला कावीळ झाली. नांदेडला नेला. आठ दिवस काढले त्यानं.
चौतीस वर्षांचा व्हता.

दहाव्याला नरसीची भजनी मंडळी आली. मी भिंतीला टेकून बसले. रडले न्हाई. बाया कुजबुजल्या, कुजबुजू द्या.

बुवानं नामदेव महाराजांचा अभंग घेतला. शेवटच्या ओळीत महाराजांचं नाव.
दुसरा घेतला. त्यातबी नाव.
तिसरा. त्यातबी.

लहानपणापासून ऐकून राहिले. ध्यानात कधी आलं न्हाई.
खुद्द महाराजांनी आपल्या अभंगात आपलं नाव घालून ठेवलं. अन् त्यांच्याच नावाच्या पोराला मी म्हणलं, कामाला नाव कशाला.

टाळ चालू व्हते. मी उठून चुलीकडं गेले. माणसं जेवायची व्हती.

ती धून लग्नसराईत अजूनबी लागते. वरडणाऱ्याचं नाव बदलत राहते.
वरातीत भांडू नका, लेकीबाळी असतात. बाजूच्या माणसाला तेवढं सांगा, हे नरसीकडच्या नामदेवनं केलं व्हतं. तो मेंढरंवाल्याचा पोरगा.

नाम्या, तुझ्या मायचं चुकलं.
तू असतानी सांगायचं व्हतं, ते आज सांगून राहिले.

सुखानं राय, बाबा.