ज्वारीत उतरलेलं विमान

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होते. वडील कुर्डुवाडीला रेल्वेत कारकून, मी सोलापुरातच भवानी पेठेत मावशीकडे. मुलीला हे कसलं शिक्षण देताय म्हणून नातेवाइकांनी वडिलांना काय काय ऐकवलं होतं. ते नुसते हसायचे.

त्या सकाळी मी एकटीच विमानात होते. फेरी मारून धावपट्टीकडे वळत असताना इंजिनानं आचके दिले आणि ते बंद पडलं. समोरचा पंखा थांबला. नुसता वाऱ्याचा आवाज. धावपट्टी गाठता येणार नाही हे लगेच कळलं. "घाबरलीस तरी विमानाचं नाक वर करायचं नाही," असं आमचे प्रशिक्षक रोज बजावायचे. तेवढंच आठवलं. खाली ज्वारीचं रान होतं, तिथेच उतरवलं. चाकं काळ्या मातीत रुतली आणि विमान पुढच्या अंगावर उलटलं. मी पट्ट्याला उलटी लोंबकळत राहिले. डावा खांदा हलेना आणि कानाजवळ पेट्रोल ठिबकत होतं.

"आरं, कोन हाय का आत?"

रानाचा मालक विडी ओढत होता, तसाच पळत आला होता. मागून त्याची बायको आली. पेट्रोलचा वास नाकात जाताच तिनं त्याच्या तोंडातली पेटती विडी ओढून मुठीतच चुरगळली. मग वाकून आत पाहिलं आणि किंचाळली, "आवं, पोरगी हाय की ही!"

पट्ट्याची कडी निघेना. तो विळ्यानं पट्टा कापायला लागला, तेव्हा ती आत सरकली आणि मी डोक्यावर आदळू नये म्हणून माझ्याखाली पाठ दिली. मी तिच्या अंगावर पडले. दोघांनी मला बांधावर नेलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुज्या आईला ठावं हाय का, तू ह्ये असलं चालवतीस त्ये?" मला रडू फुटलं. आई लहानपणीच गेली होती. हे सांगितल्यावर ती धावपट्टीवरची माणसं येईपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली.

खांद्याचं हाड मोडलं होतं. वडील दुपारच्या गाडीनं आले, मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रानात गेले. त्या बाईच्या तळहातावरचा विडीचा फोड पाहून त्यांनी तिला हात जोडले, असं त्यांनीच मला सांगितलं. तिनं मात्र एवढंच विचारलं होतं, "आता तिला परत बसू द्याल न्हवं?"

"तिची इच्छा असेल तर," वडील म्हणाले.

"मग बसू द्या की. पोरगी लई धीराची हाय."

खांदा बरा झाल्यावर मी पुन्हा विमानात बसले. प्रशिक्षक शेजारी बसले होते, पण त्यांनी एकदाही विमान वळवायचा दांडा हातात घेतला नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

परवाना मिळाल्यावर माझ्या विमानात पहिल्यांदा बसायचा मान वडिलांचा होता. ते म्हणाले, "आधी रानातल्या त्या दोघांना विचार." नवरा नको म्हणाला. ती मात्र नवं लुगडं नेसून आली, डोळे घट्ट मिटून बसली आणि विमान वर गेल्यावर हळूच उघडले.

"आमचं रान कुटं हाय?"

मी विमान थोडं कलवून दाखवलं. तिनं माझा दंड धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.