आवाज आला तर मशीन परत

आमच्या दुकानात दोनच गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धुळीसाठी आम्ही ब्लोअर घेतलाय. किश्शांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून आल्यागेल्याला सांगत बसतो. चहा पाजून ऐकवावे लागतात, तेवढाच त्यातला तोटा.

दुकान साताऱ्यात, पोवई नाक्याजवळ. मी आणि संभा, कॉलेजपासूनचे दोस्त आणि आता पार्टनर. धंदा साधा आहे. गिऱ्हाईक सांगेल तसा डेस्कटॉप जोडून द्यायचा. पण कंप्युटर जोडून देणारी दुकानं साताऱ्यात चिक्कार. मग आमचं वेगळं काय? तर आमच्या मशीनला आवाज नसतो. हे मी फुशारकीनं सांगतोय असं कुणाला वाटेल. वाटू दे. खरंच आहे.

*

ही अक्कल आम्हाला एका वकीलसाहेबांनी शिकवली. त्यांचं मशीन आमच्या अगदी सुरुवातीच्या मशीनपैकी. आत बसवलेला पंखा छोटा, स्वस्तातला. छोट्या पंख्याला चिप गार ठेवायची तर जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं, आणि तो आकांत खोलीभर ऐकू येतो.

आठवड्याच्या आत साहेब दुकानात हजर. म्हणाले, "अशील माझ्याकडं खरं बोलायला येतो, आणि खरं माणूस हळू बोलतो. तुमचं मशीन चालू असलं की त्याला खरं ओरडून सांगावं लागतं. बाहेरच्या बाकावर विरुद्ध पार्टी बसलेली असते!"

त्या दिवसापासून आम्ही पंख्यांच्या मागे लागलो. मोठा पंखा घ्यायचा आणि तो हळू फिरवायचा. घरातला छताचा पंखा दोनवर असला की जसा निवांत वारा देतो, तसं. आणि चिपवर उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक चांगला दणकट बसवायचा, म्हणजे पंख्याला धावपळच करावी लागत नाही. एवढंच आमचं शास्त्र. बाकी सगळा कान.

*

कान संभाचा. पुण्याला माल घ्यायला गेलो की हा गडी खोक्यातून पंखा काढतो, बॅटरीला जोडतो आणि कानाशी धरून डोळे मिटतो. पंखा उभा धरून ऐकतो, आडवा धरून ऐकतो. काही पंखे उभे असताना गप्प असतात आणि आडवे केले की कुरकुरायला लागतात, हे मला त्याच्यामुळे कळलं.

होलसेलवाला म्हणाला, "अहो, सगळे सायलेंट आहेत. खोक्यावर छापलंय बघा."

"खोक्यावर सगळेच मुके असतात," संभा म्हणाला आणि पुढचं खोकं उघडलं.

तासाभरानं तो माणूस वैतागला. "पंखा घेताय का मुलगी बघताय?"

संभानं कानावरचा पंखा काढला नाही, डोळेही उघडले नाहीत. "मुलगी एवढ्यात उठून गेली असती. पंखा गुणी हाय."

*

याच संभानं मला न विचारता दुकानावर बोर्ड लावला. पिवळ्यावर लाल अक्षरं, रस्त्याच्या पलीकडून दिसतील अशी. "आवाज आला तर मशीन परत घेऊ." मी म्हटलं, "अरे, निदान बारीक अक्षरात अटी तरी लिही." तो म्हणाला, अटी घालायच्या तर बोर्ड कशाला.

बोर्डावरचा रंग वाळायच्या आत तात्या आले. तात्या म्हणजे संभाचे वडील. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आता कोरेगावच्या बाजूला ऊस करतात. संभा एकुलता एक, आणि त्यानं शेती बघावी एवढी एकच इच्छा. दुकान हा त्यांच्या मते पोरखेळ.

आत येऊन त्यांनी आधी टेबलावरचा हीटसिंक उचलला. नारळाएवढा, पातळ पातळ पात्यांचा. "हे काय?"

संभानं समजावलं. चिप तापते, ही पाती तिची उष्णता ओढून घेतात, पंखा ती बाहेर घालवतो.

"रेडिएटर म्हण की."

"व्हय तात्या."

"मग पाणी कवा घालायचं?"

"ह्यात पाणी घालत न्हाईत."

तात्यांनी हीटसिंक सावकाश खाली ठेवला. "पाण्याबिगर रेडिएटर, आन् आवाजाबिगर पंखा. चालू द्या."

मग बाहेर जाऊन त्यांनी बोर्ड वाचला. हात मागे बांधून, परेडला उभं राहतात तसे. परत आत आले. "हे लिवलंय कुणी?"

"मी," संभा म्हणाला.

"मग ऑर्डर झाली. आता ऐक. साखर कारखान्याचा बॉयलर पेटंस्तवर, म्हंजी दसरा-दिवाळीपतूर, तुला मुदत. तवर एक बी मशीन आवाजापायी परत आलं, तर तू शेतावर. न्हाई आलं, तर मी पुन्यांदा इषय काढणार न्हाई."

संभानं मान हलवली. तात्या गेल्यावर त्यानं पुढचा पंखा कानाला लावला. मी हसून विषय बदलला, पण ही पैज मलाही महागात पडणारी होती. हिशेब आणि गिऱ्हाईक मी सांभाळतो, पण मशीन मुकं करायची कला त्याच्या हातात. संभा शेतावर गेला असता तर मला एकट्याला दुकान चालवताच आलं नसतं. आणि तो उसात सुखानं राहिला असता असंही नाही. राहिला असता नुसता.

*

आता अडचण अशी की आवाज नाही हे तपासायचं कुठं? पोवई नाक्यावर एसटीचे हॉर्न, रिक्षा, वडापच्या जीपगाड्या. तिथं ट्रॅक्टर चालू ठेवला तरी सायलेंट वाटेल.

संभानं शोध लावला शेजारच्या टेलरच्या ट्रायल रूमचा. तिन्ही बाजूंना शिवून झालेले सूट टांगलेले, पुढं जाड पडदा. आत गेलं की आपलाच श्वास ऐकू येतो. मग तयार झालेलं प्रत्येक मशीन तासभर ट्रायल रूममध्ये चालवायचं, समोर स्टुलावर संभा कान देऊन बसलेला, असा नियमच झाला.

एकदा एक नवरदेव शेरवानी घालून बघायला आला. पडदा सारून आत गेला आणि तसाच बाहेर आला. "आत एक माणूस कंप्युटर घेऊन बसलाय."

टेलरनं कात्री थांबवली नाही. "त्याची फिटिंग चाललीय. तुमचा नंबर पुढं."

*

म्हसवडहून एक फोटो स्टुडिओवाले आले. मशीन आमचं नव्हे, जुनंच होतं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला बसलं की तापून बंद पडायचं, आणि बंद पडायच्या आधी गिरणीसारखं घरघरायचं. त्यांना आतला पंखा आणि हीटसिंक बदलून हवे होते.

झाकण उघडलं तर आत सगळं गुलाबी. पंखा गुलाबी, हीटसिंक गुलाबी, वायरी गुलाबी. पात्यांमधल्या फटी गुलालानं गच्च भरलेल्या.

"आवं, जत्रंत देवाच्या रथाच्या दिवशी कॅमेऱ्याला गुलाल लावतो, तसा ह्याला बी लावतो," ते म्हणाले. "पोटापाण्याचं साधन हाय."

"लावा की. पण पंख्याच्या जाळीवर?"

"तोंड तेच हाय न्हवं त्याचं? चिमूट तोंडापाशी धरली की ते सोताच ओढून घेतंय. आमाला वाटायचं, देवाला पोचतंय."

संभानं ब्लोअर उचलला तसा त्यांनी त्याचा हात धरला. देवाचा गुलाल असा रस्त्यावर उडवायचा नाही. मग आम्ही खाली वर्तमानपत्र पसरलं, ब्रशनं हलक्या हातानं फटी झाडल्या, नवा पंखा आणि हीटसिंक बसवले, आणि निघालेला सगळा गुलाल पुडीत बांधून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुडी कपाळाला लावली, उघडली, आणि नव्या पंख्याच्या जाळीसमोर चिमूट धरली.

संभा मधे पडला म्हणून पंखा वाचला. ती चिमूट संभाच्या कपाळावर गेली.

*

पावसाळ्यात मेढ्याहून एका गुरुजींचा फोन. "तुमचं मशीन परत घ्या."

मी फोन स्पीकरवर टाकला. संभाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. "गुरुजी, आवाज येतोय का?"

"आवाज अजिबात नाही. ते चालूच राहत नाही."

"चालूच राहत न्हाई? वा!" संभा म्हणाला. मशीन मेल्याची बातमी ऐकून एवढा खूश झालेला मेकॅनिक मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेढ्याला गेलो. बाहेर पाऊस, दारात धुकं, आणि खोलीत टेबलाखाली आमचं मशीन घोंगडीत गुंडाळलेलं. चारी बाजूंनी नीट खोचून, बाळाला खोचतात तसं. सगळ्या जाळ्या बंद.

"इथला गारठा तुम्हाला ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "माणसाला सोसत नाही, तर त्याला कुठून सोसणार?"

घोंगडी काढली, मशीन चालू केलं, आणि ते चालू राहिलं. संभानं जाळ्या दाखवल्या. इथून गार हवा आत येते, तिथून गरम बाहेर जाते, दोन्हीकडं मोकळं पाहिजे. मशीनला गारठा आवडतो, जितका जास्त तितका बरा. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक-दोन शंकाही विचारल्या. सगळं पटलं होतं.

"म्हणजे घोंगडी नको," ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे बघत आवाज बारीक केला. "स्वेटर चालेल का? हिनं विणायला घेतलाय."

*

बॉयलर पेटल्याची बातमी आली त्या दिवशी तात्या सकाळीच दुकानात. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, कडक इस्त्री. कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसले. तोवर आवाजापायी एकही मशीन परत आलं नव्हतं. संभा एकच कीबोर्ड पुन्हा पुन्हा पुसत होता. दुपार टळली, चहा झाला, आणि मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. सांगलीच्या देशपांडे बाई उतरल्या आणि त्यांच्या भाच्यानं डिकीतून आमचं मशीन काढलं.

या बाई रिटायर्ड शिक्षिका. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. म्हणून तर त्यांनी सांगली सोडून आमच्याकडून मशीन नेलं होतं.

"आवाज येतो," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येतो. मुलं विचारतात, बाई, तुमच्यामागं कोण बसलंय?"

संभानं मशीन जोडलं, चालू केलं. काहीच आवाज नाही.

"लगेच येत नाही," बाई म्हणाल्या. "सगळे गप्प बसलो की येतो."

मी शटर खाली ओढलं. अंधारात आम्ही पाच जण गप्प बसलो. नाक्यावरच्या दोन हॉर्नच्या मधे तात्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि मग आला. बारीक, धारदार, थांबून थांबून. किर्रर्र. किर्रर्र.

संभानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं झाकणाचे स्क्रू काढले, मी मोबाइलचा उजेड धरला. पंखा मुकाट फिरत होता. हीटसिंकच्या मागं, उबेला, मिशा हलवत एक रातकिडा बसलेला.

मला हसूच फुटलं. "बाई, हा आवाज मशीनचा नाही हो!"

तात्या उठून उभे राहिले. "बोर्डावर काय लिवलंय?"

"आवाज आला तर मशीन परत," संभा म्हणाला.

"कुणाचा आवाज, ते लिवलंय का?"

"न्हाई."

"आला का न्हाई आवाज?"

मी काहीतरी बोलणार होतो. संभानं हातानं मला थांबवलं. "आला, तात्या." मग बाईंकडं वळला. "बाई, मशीन परत घेतो. बोर्डावर लिहिलंय तसं."

"मशीन कशाला?" बाई म्हणाल्या. "मशीन उत्तम आहे. इतकं शांत आहे म्हणून तर हा मला ऐकू आला. मशीन मी नेणार. हा किडा तेवढा परत घ्या."

तात्यांनी खिशातून काडीपेटी काढली, काड्या खिशात ओतल्या, आणि वाकून एका हातानं रातकिड्याला अलगद पेटीत घेतलं. पेटी बंद केली. शटर वर ढकललं, चपला घातल्या.

"ह्याला मी शेतावर नेतो," ते संभाला म्हणाले. "तू हितंच ऱ्हा."