कोऱ्या पाण्यातला रेणू

पंचेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला बसलेली ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, आज भेटली, तर मी तिचा कान पिरगाळीन. लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, सुट्ट्यांत नांदेडच्या प्रयोगशाळेत जायची, आणि तोरा असा की लेझर जणू तिच्या माहेरून आलाय.

काम होतं रंगाचा एकच रेणू ओळखण्याचं. रेणूवर लेझर पाडला की विखुरलेल्या प्रकाशात त्याच्या ठरावीक रेघा उमटतात. पण एकट्या रेणूच्या इतक्या फिक्या, की दिसतच नाहीत. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या बेचक्यात तो अडकला, तर त्याच रेघा कैक लाखपटींनी ठळक होतात. ऱ्होडामाइन नावाचा गुलाबी रंग मी पातळ करत करत जवळजवळ नाहीसा केला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेघा आल्या. लख्ख! बाईंनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. घरी फोन केला, "अहो, एक रेणू दिसला!"

"एकच? पाच वर्षांत?" हे म्हणाले.

माझे गाईड माझ्याहून दहा वर्षांनी लहान, देवणीकडचे. पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "ताई, रंग न घालता नुसतं पाणी लावून बघितलं का?"

"त्यात काय बघायचंय, सर?"

"बघा तर."

कोऱ्या पाण्यातही त्याच रेघा! लेझर ज्यातून पट्टीवर पडायचा, त्या सूक्ष्मदर्शकाकडे सरांनी बोट दाखवलं. खंडेनवमीला मीच त्याची पूजा केली होती. काचपट्टी ठेवतात तिथंच कुंकवाची ठसठशीत बोटं. तपासलं, तर त्या स्वस्त कुंकवात हाच रंग.

"ताई, लई भक्ती झाली," सर म्हणाले. "प्रबंधाला तीन महिने उरलेत. आधीच्या मोजमापांवर भागून जाईल. एका रेणूचा हट्ट सोडा."

"न्हाई सोडत."

सगळी काच नव्यानं आणली, चांदीचं द्रावण नव्यानं उकळलं. कपाळावरचंही कुंकू सोडून टिकलीवर आले. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. रोज आधी कोरं पाणी, मग रंग. रोज कुठून तरी कुंकू हजर!

पौषातल्या एका दुपारी कोरं पाणी गप्प राहिलं. रंगाची पट्टी लावली. रेघा आल्या, लुकलुकल्या, गपकन विझल्या, पुन्हा आल्या. पुष्कळ रेणू असले की रेघा एकसारख्या तेवत राहतात. अशी उघडझाप एकट्यादुकट्याचीच.

"ताई, हा एकटाच हाय वाटतं," मागून सर म्हणाले.

"वाटून भागत न्हाई, सर," मी म्हणाले, आणि कोऱ्या पाण्याची दुसरी पट्टी उचलली.